मैनाक्काच्या घराची पाटी

मानवत,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. मंजुषा,

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझ्या मंडळाने चिंचटाकळीत कडूबाईच्या दारावर पाटी ठोकली. वेळ फोटोवर छापलेली आहे. तुमच्या मंडळातल्या त्या हरिओमने तो फोटो सगळ्या वाचकांना पाठवला आणि त्यांतल्या कुणा भल्या माणसाने मला. आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

पाटी छान रंगवली आहे. काळ्यावर लाल. "‘सातवी चूल’ या अजरामर भयकादंबरीतील मैनाक्का हिचे मूळ : श्रीमती कडूबाई यांचे घर. किशनराव टाकळीकर वाचक मंडळ." एकही शुद्धलेखनाची चूक नाही, हे कबूल करते. तुमच्याकडून तेवढीही अपेक्षा नव्हती.

आपण सहा वर्षं बोललो नाही. किशनचा चष्मा काचेच्या पेटीत ठेवायला मी दिला नाही, म्हणून तू मला ‘वारशाची शत्रू’ म्हणालीस. तो माझा भाऊ होता, तुझा बाप होता, आणि चष्मा त्याच्या नाकावरचा होता. त्यावर माझं मत आजही तेच आहे. पण हे पत्र चष्म्याबद्दल नाही.

कडूबाई परवा एसटीने माझ्याकडे आली. सत्तरीची बाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत तुम्ही दिलेलं लुगडं. घडीही मोडली नव्हती.

"ताई, बघा की. शाल दिली, नारळ दिला, लुगडं दिलं. खुर्चीवर बशीवलं मला. लोकं टाळ्या वाजवायलेत. एक पोरगी तर पाया पडली माझ्या."

"मग काय म्हणालीस तू?"

"काय म्हणू? म्या बी हासले. फोटू काढला." मग हळूच म्हणाली, "ताई, पर हे कशापायी दिलं? माझ्या पाटीवर काय लिव्हलंय?"

तिला वाचता येत नाही. सून आणि मुलगा बजरंग दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. घरात ती एकटी. म्हणजे त्या दारावर काय लिहिलं आहे हे अख्ख्या गावाला माहीत, फक्त त्या दारातून आत जाणारीला नाही.

स्वतःला वाचक म्हणवून घेता ना? मग मैनाक्का काय करते, ते आठवा. ती भानामती करते. तिने टोकलं की सुना भुंकायला लागतात, पेटीतली लुगडी आपोआप जळतात, अंगणात दगड पडतात. शेवटी गाव तिला धरतं आणि तिचे दात पाडतं, म्हणजे मंत्र नीट म्हणता येऊ नये. सेलूच्या कॉलेजात शिकवणाऱ्या तुमच्या सेक्रेटरी राजेश्रीबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "आम्ही पुराव्याशिवाय काही करत नाही. सरांनी मुलाखतीत स्वतः सांगितलंय, मैनाक्का आमच्या घरातच होती. आणि तुमच्या घरात कामाला कडूबाईच होती ना?"

दरवर्षी तुम्ही एक मूळ शोधता. विहिरीचं मूळ शोधलंत, चिंचेचं शोधलंत, तिथे उभं राहून प्रकरणं वाचलीत. विहिरीला काही होत नाही. झाडाला होत नाही. माणसाला होतं.

पाटी काढा. या आठवड्यात.

कस्तुरा टाकळीकर
(ओळख विसरली असशील तर : तुझी आत्या)


मानवत,
१५ डिसेंबर २०२५

चि. मंजुषा,

मी पत्र लिहिलं, तू फोनवर आवाजी निरोप पाठवलास. मी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढली. लोक एकमेकांना काय सांगतात आणि काय सांगायचं टाळतात हे मी कानाला लावून ऐकलं आहे. तू पुण्यातल्या कुठल्याशा हॉटेलात बसून बोलत होतीस, मागे कपबशा वाजत होत्या, आणि तू तीनदा "आत्या, समजून घे" म्हणालीस. समजून घेण्यासारखं एकही वाक्य मधे नव्हतं.

तू म्हणतेस, बाबांना विसरू द्यायचं नाही. मान्य. भयकथा लिहिणारा म्हणून त्याला कुणी साहित्यिकांच्या पंगतीत बसवलं नाही, बसस्टँडवरच्या दुकानात दोरीला टांगून त्याची पुस्तकं विकली गेली, आणि त्याला जिवंत ठेवलं ते तुमच्यासारख्या वाचकांनी. हेही मान्य. पण तू म्हणतेस, कडूबाईंना आनंदच झाला, त्यांना प्रतिष्ठा मिळाली.

तर प्रतिष्ठेचा हिशेब ऐक. मी काल गावी जाऊन आले. पप्पू गिरणीवाला तिचं दळण घेत नाही. "आजी, पट्टा तुटलाय" म्हणतो आणि मागच्या बाईचं पीठ काढून देतो. ती डोक्यावर ज्वारी घेऊन वालूरला चालत जाते. हापशावर बायका आपले हंडे उचलून बाजूला होतात. तिच्या दारासमोरून जाताना पोरं थुंकतात, अंगात शिरू नये म्हणून. हे थुंकणं कादंबरीतलं आहे. आधी आपल्या गावात असं कुणी करत नव्हतं. किशनने ते बनवलं होतं. मला चांगलं आठवतं, त्याने मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हणाले होते, हे पटत नाही. आता गावाला पटलं आहे.

आणि शेजारच्या आप्पारावाची सून, पंकजा. लग्नाला वर्ष झालं. ती गेल्या पंधरवड्यात दोनदा अंगणात पडली, हातपाय वाकडे, तोंडाला फेस. मी आप्पारावाला म्हटलं, "हिला परभणीला डॉक्टरकडे ने. फिट आहे ही."

आप्पाराव माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुमी शहरात ऱ्हाता. पाटी तर तुमच्याच लोकायनी लावली न्हवं? आमी कुठं म्हणलो हिला काई? तुमीच म्हणलाव."



मी पाटी काढायला गेले. तुम्ही ती चार कोपऱ्यांत स्क्रूने पक्की केली आहे, आणि कडूबाई माझा हात धरून म्हणाली, "नका ताई, सरकारी असंल. मलाच दंड व्हईल." ती तिला सरकारी वाटते, कारण आयुष्यात तिच्या दारावर सरकारशिवाय कुणी काही चिकटवलेलं नाही.

एक गोष्ट ठणकावून सांगते. मैनाक्काला मूळ नाही. ती किशनच्या डोक्यातून आली. तसं लिहून जाहीर करा, पाटी उतरवा, आणि ते गावासमोर मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचायची तुम्हाला हौस आहेच.

कस्तुरा


परभणी,
२ जानेवारी २०२६

मंजुषा,

तुला पोलिसांकडून कळलंच असेल. तरी मी लिहिते, कारण पोलिसांनी तुला घटना सांगितली असेल. कशी झाली ते सांगितलं नसेल.

सोमवारी, २९ तारखेला, भर दुपारी पंकजा तिसऱ्यांदा पडली. या वेळी ती घशातून आवाज काढत होती. कुणी म्हणालं, भुंकायली. मग आप्पारावाच्या ओट्यावर माणसं जमली. तोपर्यंत कुणाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. माणसं जमली की मनात असतं त्यापेक्षा जास्त होतं. तेवढ्यात कुणीतरी फोन काढला आणि तुमच्या मंडळाने इंटरनेटवर ठेवलेलं ते ध्वनिमुद्रण लावलं. किशनच्या आवाजातलं शेवटून दुसरं प्रकरण. हरिओमने खाली वाऱ्याचा आवाज आणि कुत्र्यांचं रडणं टाकलं आहे, ते.

किशनचा आवाज कसा होता तुला ठाऊक आहे. शेवटच्या दिवसांतही खणखणीत. गावात त्याला सगळे मालक म्हणायचे. मेलेला मालक ओट्यावर सगळ्यांना सांगत होता : आधी हात मागे बांधा. तोंडात कापड घालू नका, ती बोलली पाहिजे. पकड तापवू नका. समोरचे आधी.

सुलाबाई तिथे होती, कडूबाईच्या मागच्या घरातली. तिने मला सांगितलं. "मालक सांगायलेत म्हणल्यावर कोण काय म्हणणार, ताई? म्या म्हणलं, आरं सोडा, म्हातारी हाय. तर म्हणे, तू गप, न्हाईतर तुझं बी बघाव लागंल."

त्यांनी ध्वनिमुद्रण थांबवत थांबवत केलं, मंजुषा. थोडं ऐकायचं, थोडं करायचं. पाककृती लावून स्वयंपाक करतात तसं.

मी पुढे लिहीत नाही. कडूबाई इथल्या दवाखान्यात आहे. समोरचे सगळे गेले, वरचे आणि खालचे, आणि जबडा फुटला. नर्स भली आहे. मला कोण लागता विचारलं, तर मी ‘घरातली’ म्हणाले.

बजरंग उसाच्या फडावरून आला. आईच्या खाटेजवळ उभा राहिला, बसला नाही. मग मला बाहेर घेऊन गेला आणि विचारलं, "ताई, पुस्तकात आयचं नाव हाय म्हणत्यात."

"नाही रे. पुस्तकात दुसऱ्याच बाईचं नाव आहे."

"पर आयच हाय ना ती? पाटीवर तसंच हाय." मग म्हणाला, "खोडता येतंय का ते? जेवढी पुस्तकं असतील तेवढ्यातलं?"

कडूबाईला बोलता येत नाही, पण ती बोलते. शब्द कळायला वेळ लागतो. काल तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, ते लुगडं घरी पेटीत आहे, ते जाळा. मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "त्यातूनच केलं ते देणाऱ्या पोरीनं मला. फुकट कोण देतंय लुगडं?"

तिची समजूत आहे की तुझ्या मंडळाने तिच्यावर भानामती केली. मी तिला पटवायचा प्रयत्न केला की असं काही नसतं. मग थांबले. कारण दुसरं काय झालं ते मलाही सांगता येईना.

ते ध्वनिमुद्रण अजून फोनवर ऐकू येतं. मी आज सकाळी बघितलं. खाली लोकांनी लिहिलं आहे : अंगावर काटा आला.

कस्तुरा


मानवत,
११ जानेवारी २०२६

मंजुषा,

मंडळाचं निवेदन वाचलं. "घटनेचा तीव्र निषेध. साहित्यकृतीचा आणि समाजातील अंधश्रद्धेचा संबंध जोडणे अन्यायकारक." छान आहे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, माफी मागताना ज्या वाक्यात ‘मी’ नसतो ती माफी नसते. तुमच्या निवेदनात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ नाही, कडूबाई नाही, दातही नाहीत.

आणि राजेश्रीबाईंनी फोनवर आणखी सांगितलं. पाटी पोलिसांच्या पंचनाम्यात आली आहे म्हणून आत्ता काढता येत नाही. पोलीस म्हणतात, फोटो घेतले, आमचं काम झालं, काढा की. ध्वनिमुद्रण तुम्ही उतरवलंत, पण ते आता हजार फोनांत आहे. आणि ‘सातवी चूल’ची नवी आवृत्ती येते आहे, वेष्टनावर एका ओळीसह : सत्य घटनेने पुन्हा सिद्ध केलेली कादंबरी. मी त्यांना विचारलं, ही ओळ कुणाची? त्या म्हणाल्या, "मंजुषाताईंनी अजून नक्की केली नाही." हक्क तुझ्याकडे आहेत. म्हणजे सहीही तुझीच लागणार.

तर आता ऐक. डिसेंबरातल्या पत्रात मी लिहिलं की मैनाक्काला मूळ नाही. ते खोटं होतं. मूळ आहे.

मैनाक्का पाठ टेकून बसत नाही. कुणी बोलत असताना मधेच थांबवून त्याचा शब्द दुरुस्त करते, आणि ज्याला दुरुस्त केलं त्याच्या घरात रात्री काहीतरी होतं. जेवताना तोंड मिटून चावते. गावातल्या बायकांना त्याचीच सगळ्यात जास्त भीती, कारण तोंडात काय आहे ते दिसत नाही. तुम्ही त्या पानावर किती वेळा चर्चा केलीत? मिटलेलं तोंड म्हणजे गुपित, दडपलेली वासना, आणखी काय काय. चिंचटाकळीत त्या काळी तोंड मिटून चावणारी बाई एकच होती, आणि ती सुट्टीला सिकंदराबादहून यायची. कडूबाई तोंड उघडं टाकून, बोलत बोलत, हसत हसत जेवायची. मी तिला त्यावरून टोकायचे.

‘मैनाक्का आमच्या घरातच होती.’ किशन खरं बोलला. घरातली म्हणजे कोण, एवढाच प्रश्न होता, आणि तुमच्या अख्ख्या मंडळाला, प्राध्यापिकेसकट, एकच उत्तर सुचलं : कामवाली. मालकाची सख्खी बहीण कुणाच्या डोक्यातही आली नाही. चष्म्यावरून भांडण होईपर्यंत मी मंडळाच्या सभांना येत होते, मंजुषा. पहिल्या रांगेत, ताठ बसून. तुमच्यातल्या कुणाकुणाचे शब्द दुरुस्त करत.

पुस्तक आलं तेव्हा किशनने पहिली प्रत माझ्या हातात दिली. म्हणाला, "आक्का, रागावू नकोस. तुझ्यावाचून ही बाई उभीच राहीना." मी वाचलं. रागावले नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. आपल्या गावात बाईची कुणाला एवढी भीती वाटते हे वाचून बरं वाटलं. फक्त एका गोष्टीवर आमचं भांडण झालं. दात पाडल्यावर त्या घरातली सून बरी होते. मी म्हणाले, तिला बरं करायला नको होतंस. तो म्हणाला, "वाचकाला थोडा दिलासा लागतो गं."

दिलासा. पंकजाला परवा पुन्हा फिट आली. आणि आता गावात काय बोलतात ते सुलाबाईने कळवलं आहे. बरी कशी होईल, म्हणतात. पुढचेच पाडले. दाढा राहिल्या.

चार जण कोठडीत आहेत, बाकीचे ओट्यावर आहेत. दवाखान्यातून कडूबाईला सोडणार आहेत. बजरंग म्हणतो, तिला फडावर नेतो, खोपीत ठेवतो. ती म्हणते, माझ्या घरी जायचं. तिथे दारावर तुमची पाटी आहे आणि आत असतील तिच्या उरलेल्या दाढा.

मी काय करणार ते सांगते. सोमवारी, २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर चिंचटाकळीत ग्रामसभा आहे. मी तिथे उभी राहून सांगणार की मैनाक्का मी आहे. तुझ्या बापाने माझ्यावर लिहिलं. माझं बसणं, माझं चावणं, माझी जीभ. ज्याला भानामती उतरवायची असेल त्याने मानवतला यावं, पत्ता देते. कुणी येणार नाही. मला पेन्शन आहे, भाऊबंद आहेत, फौजदाराशी इंग्रजीत बोलता येतं. माझे दात माझ्या तोंडात राहतील, हे मला पक्कं माहीत आहे. कडूबाईचे का राहिले नाहीत, तेही त्यामुळेच कळतं. माझ्या गल्लीतल्या बायका दारातून बघायला लागतील, मुलांना आत ओढतील. ओढू देत. बिनलग्नाची म्हणून तशाही बघतात.

पण मी एकटीने सांगितलं तर गाव म्हणेल, ताई दयाळू आहेत, म्हातारीला वाचवायला बोलतात. तुमच्या पाटीवर त्यांचा विश्वास आहे, माझ्यावर नाही. किशनची मुलगी म्हणून तू तिथे यायला हवं. ज्या ओट्यावर त्याचा आवाज वाजला, तिथेच त्याच्या रक्ताच्या माणसाने म्हणायला हवं : आम्ही चुकलो, ही बाई ती नाही, आणि ती जी आहे तीही भानामती करत नव्हती, कारण माझ्या बापाने सगळं बनवलं. दात पाडून कुणी बरं होत नाही. हेही बनवलेलं होतं. मग तुझ्या हाताने चारही स्क्रू काढ. आणि सांग, नव्या आवृत्तीवर ती ओळ येणार नाही, आणि त्या सुनेचं बरं होणं पुस्तकातून जाईल.

तुला वाटेल, याने बाबा लहान होतील. होतील थोडे. मी त्याला तुझ्याआधी वीस वर्षं ओळखते. तो भित्रा होता, रात्री परसाकडे जाताना मला कंदील घेऊन सोबत नेत असे, आणि म्हणूनच त्याला भीती लिहिता आली. एका म्हातारीच्या दाढांवर उभं राहून मोठं व्हायला त्याला आवडलं नसतं. मला तरी तसं वाटतं. तू त्याला जास्त ओळखतेस असं म्हणत असशील तर तेही लिही.

लेखी उत्तर हवं. आवाजी निरोप नको, राजेश्रीबाईंमार्फत नको, मंडळाच्या कागदावर नको. २६ तारखेला येणार की नाही, आणि त्या ओळीवर सही करणार की नाही, एवढंच. विचार करते, असं लिहू नकोस. मंगळवार, २० जानेवारी २०२६, संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या अक्षरातलं, तुझ्या सहीचं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

कस्तुरा टाकळीकर